शत्रूविना रंगणारी गोष्ट : मुलांसाठीचे काही परदेशी चित्रपट

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी पाठ)



तेहरान शहरातील एका गरीब वस्तीतले एका खोलीचे घर. घरातील कर्ता पुरुष मशिदीतील चहासाठी साखरेचे मोठे खडे फोडीत बसला आहे. पुढ्यात पांढऱ्याशुभ्र साखरेचा ढीग. धाकटी मुलगी त्याला चहा आणून देते. तो साखर मागतो, तेव्हा ती साहजिकच समोरच्या ढिगाकडे पाहते. ही साखर मशिदीची आहे, विश्वासाने सोपवलेली आहे, एवढेच तो तिला सांगतो आणि त्या ढिगातील एका खड्यालाही स्वतःसाठी हात लावत नाही. प्रसंग अगदी लहान आहे. त्यावर संगीत नाही, कुणी कुणाला उपदेश करीत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी तिसरे, अदत्तादान-विरमण व्रत, पाठशाळेत मुले तोंडपाठ म्हणतात. त्याचे इतके निर्मळ दर्शन एका इराणी, मुस्लिम कुटुंबाच्या कथेत घडावे, ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे.

हा प्रसंग माजिद माजिदी यांच्या ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ या १९९७ च्या चित्रपटातील. अली नावाचा मुलगा बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट हरवून बसतो. वडिलांपाशी नव्या बुटांना पैसे नाहीत, म्हणून भावंडे हे संकट घरात कळू देत नाहीत. मुलींची शाळा सकाळी, मुलांची दुपारी; तेव्हा भावाचे कापडी बूट घालून झहरा शाळेत जायची, सुटताच धावत यायची आणि गल्लीच्या वळणावर तेच बूट घालून अली शाळेकडे धावायचा. पुढे एके दिवशी झहराला आपले हरवलेले बूट दुसऱ्याच एका मुलीच्या पायात दिसतात. दोघे भावंडे तिचा माग काढीत तिच्या घरापर्यंत जातात. तेथे त्यांना दिसते की तिचे वडील अंध आहेत आणि फिरून किरकोळ वस्तू विकतात. दोघे एक शब्द न बोलता मागे फिरतात.

या चित्रपटात खलनायक नाही. बूट नेणारा भंगारवाला चोर नाही, ते घालणारी मुलगी चोर नाही, ओरडणारे वडील दुष्ट नाहीत. तरीही पाहणाऱ्या मुलाचा श्वास शेवटपर्यंत रोखलेला राहतो. प्रस्तुत भाषणाचा विषय हाच आहे. मुलांना रमवण्यासाठी गोष्टीत मारला जाणारा शत्रू हवाच का?

हा प्रश्न समाजाच्या दृष्टीने किरकोळ नव्हे. पर्युषणाच्या आठ दिवसांत अनेक घरांतून दूरदर्शन संच बंद राहतो, काही मुले मोबाइलचेही पच्चक्खाण घेतात आणि त्यांचे कौतुक होते. ते योग्यच आहे. परंतु उरलेल्या ३५७ दिवसांचे काय? ज्या घरात पाणी गाळून घेतले जाते, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले जाते, मुंगी दिसली तर पाऊल बाजूला टाकले जाते, त्याच घरातील बैठकीत पाच-सहा वर्षांचे बालक तासन्तास पडद्यावरील मारामारी पाहत असते. आणि मूल शांत बसले आहे म्हणून घरची मंडळी निर्धास्त असतात. ताटातील कंदमुळाविषयी जेवढी दक्षता, तेवढी पडद्याविषयी नाही. सरसकट मनाई हा उपाय बोलायला सोपा असला तरी तो शाळेच्या बसपर्यंतही टिकत नाही. निवड करणे कष्टाचे आहे, परंतु करण्याजोगे तेच आहे.

मुलांना शत्रू लागतोच, ही समजूत चित्रपट व्यवसायात किती खोल रुजली आहे, याचे एक उद्बोधक उदाहरण आहे. जपानचे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांचा ‘नाउसिका ऑफ द व्हॅली ऑफ द विंड’ हा चित्रपट १९८४ साली आला. महायुद्धाने पृथ्वी उद्ध्वस्त झाली आहे. विषारी वायू सोडणारे अरण्य पसरत चालले आहे आणि त्यात ओमू नावाचे डोंगराएवढे कीटक राहतात. माणसे ते अरण्य जाळू पाहतात. नाउसिका ही तरुण राजकन्या मात्र त्याचा अभ्यास करते आणि तिला कळते की विष अरण्याने निर्माण केलेले नाही. ते माणसाने मातीत कालवलेले आहे आणि ही झाडे तीच माती शुद्ध करीत आहेत. अरण्य जाळू पाहणारी सेनापतीदेखील केवळ क्रूर नाही. कीटकांमुळे तिने स्वतःचा हात गमावलेला आहे, तिच्या बाजूने तिचे कारण खरे आहे. अनेकांतवादाचा पाठ देताना पाठशाळेतील अध्यापकांना हत्ती आणि आंधळ्यांच्या दृष्टांताबरोबर ही कथाही उपयोगी पडावी.

हा चित्रपट १९८५ साली अमेरिकेत प्रदर्शित झाला तेव्हा वितरकांनी त्यातील सुमारे २२ मिनिटांचा भाग कापला, पात्रांची नावे बदलली आणि ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ म्हणजे ‘वाऱ्याचे योद्धे’ असे नाव देऊन त्याचे साधे साहसपट केले. ज्यांना समजून घ्यायचे होते, ते कीटक आता नुसते मारायचे राक्षस झाले. पुढे मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या स्टुडिओ घिब्ली या संस्थेने परदेशी वितरकांनी चित्रपटात काटछाट करू नये असा आग्रहच धरला. मुलांना काय पेलते याविषयी कलावंताचा अंदाज व्यापाऱ्यापेक्षा अधिक खरा निघाला. चित्रपट आज मूळ लांबीतच पाहिला जातो.

याच चित्रपटाच्या आरंभी एक छोटासा प्राणी भेदरून नाउसिकेच्या बोटाला कडकडून चावतो. ती हात झटकत नाही, ओरडत नाही. तू घाबरला होतास एवढेच, अशा अर्थाचे काहीतरी शांतपणे बोलते. प्राण्याचा जबडा सैल होतो आणि तो जखम चाटू लागतो. हे पाहताना श्वेतांबर परंपरेतील चंडकौशिकाची कथा ज्याला आठवणार नाही असा श्रावक विरळा. भगवान महावीरांच्या चरणाला दृष्टिविष सर्पाने दंश केला, भगवंत अविचल राहिले आणि त्यांच्या करुणेने त्या सर्पाला आपला पूर्वभव आठवला. अर्थात दोन्हींची तुलना एका मर्यादेपर्यंतच करावी. तीर्थंकरांची वीतरागता ही चित्रपटातील राजकन्येच्या धैर्याची मोठी आवृत्ती नव्हे. परंतु सहा वर्षांच्या मुलाला ती कथा कळण्याची वाट अशा एखाद्या दृश्यातून सोपी होत असेल, तर ती वाट बंद का करावी?

चंडकौशिकाच्या कथेतील दुसरे अंगही तितकेच महत्त्वाचे आहे. तो सर्प क्रोधी का झाला, याचे उत्तर त्याच्या पूर्वभवांत आहे. फ्रेंच दिग्दर्शक मिशेल ओसेलो यांच्या ‘किरिकू अँड द सॉर्सरेस’ या १९९८ च्या रेखाचित्रपटाचा सारा डोलारा अशाच प्रश्नावर उभा आहे. ओसेलो यांच्या बालपणाचा काही काळ पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशात गेला आणि कथा पश्चिम आफ्रिकेचीच आहे. किरिकू जन्मताच बोलू लागतो, टाचेएवढा दिसतो आणि गावाला छळणाऱ्या काराबा या चेटकिणीविषयी एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारतो : ती दुष्ट का आहे? मोठी माणसे चिडतात; त्यांच्या मते चेटकीण दुष्टच असते, त्यात विचारायचे काय? उत्तर अखेर डोंगरात राहणाऱ्या आजोबांकडून मिळते. माणसांनी काराबाच्या पाठीत एक विषारी काटा रोवला आहे आणि ती अहोरात्र वेदनेत आहे. किरिकू तिच्याशी लढत नाही. तो दातांनी तो काटा उपटतो. ती किंकाळी फोडते, आणि तिची शक्ती व तिचा द्वेष एकाच वेळी गळून पडतात. या चित्रपटात आफ्रिकी गावाच्या रीतीप्रमाणे लहान मुले वस्त्राविना आणि स्त्रिया अल्पवस्त्रांत आहेत. काही देशांतील वितरकही त्यामुळे बिचकले होते. घरातील वडीलधाऱ्यांनी तो आधी स्वतः पाहून ठरवावे.

अगदी लहान मुलांसाठी मात्र मियाझाकींचाच ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) सर्वांत आधी. दोन लहान बहिणी वडिलांबरोबर खेड्यातील जुन्या घरात राहायला येतात, आई रुग्णालयात आहे, आणि घराशेजारच्या प्रचंड कापूरवृक्षाच्या ढोलीत धाकटीला एक भलामोठा, केसाळ, झोपाळू जीव भेटतो. यापलीकडे कथेत फारसे काही घडत नाही. पावसात बसथांब्यावर वाट पाहणे, अंगणात पेरलेल्या बिया उगवण्याची वाट पाहणे, आईच्या पत्राची वाट पाहणे : चित्रपटाचा पुष्कळ भाग वाट पाहण्यातच जातो, आणि मुले जराही कंटाळत नाहीत. एका प्रसंगी वडील मुलींना घेऊन त्या वृक्षासमोर उभे राहतात, त्याला लवून नमस्कार करतात आणि मुलीचा सांभाळ केल्याबद्दल आभार मानतात. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे हे ज्ञान पाठशाळेत पुस्तकातून मिळते. येथे ते कमरेतून लवण्याच्या कृतीत दिसते. या कथेला ज्या सायामा टेकड्यांच्या परिसराने प्रेरणा दिली, तेथील वनराई वाचवण्यासाठी १९९० च्या दशकापासून लोकवर्गणीतून जमिनीचे लहान लहान तुकडे विकत घेतले गेले आणि त्यांना टोटोरोचे वन म्हटले जाते. पांजरपोळ ज्यांनी वर्गणीतून उभी केली आणि चालवली, त्यांना या कार्याची किंमत निराळी सांगावी लागणार नाही.

‘स्पिरिटेड अवे’ (२००१) हा त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट. त्याला २००३ साली ऑस्कर मिळाले. दुसऱ्याच्या ताटातले अन्न न विचारता अधाशीपणे खाणाऱ्या आईवडिलांची त्यात डुकरे होतात, आणि ओंजळभर सोने पुढे करणाऱ्या एका मुक्या भुताला दहा वर्षांची चिहिरो नको म्हणते. काही दृश्ये भीतिदायक आहेत. दहा वर्षांखालील मुलांना घाई करू नये.

आता अडचणीची गोष्ट. हे सारे चित्रपट मांसाहारी समाजांतून आले आहेत. टोटोरोतील थोरली बहीण डबा भरताना त्यात मासळी ठेवते. २००८ च्या ‘पोन्यो’ मधील गोड मुलीला तर हॅमचे वेड आहे. ही दृश्ये पुढे सरकवून टाकण्यात अर्थ नाही. मुलांच्या ती आधीच लक्षात आलेली असतात. शेजारच्या बाकावरील मित्राच्या डब्यात काय असते हे त्यांना ठाऊक असते. मुलाने विचारले तर त्या लोकांची रीत ती, आपल्या घरची ही, आणि आपल्या घरची अशी का, हे सांगायला त्याहून चांगली वेळ कोणती? न विचारल्यास गप्प राहावे.

गप्प राहण्याचे आणखीही महत्त्व आहे. चित्रपट संपताक्षणी ‘यातून काय शिकलात?’ असे विचारण्याची अध्यापकांची आणि आजोबांची जुनी सवय आहे. तिने चांगल्या चांगल्या गोष्टी मारल्या आहेत. मुलाशेजारी बसून संपूर्ण चित्रपट पाहणे हे खरे काम. पडदा लावून देऊन स्वयंपाकघरात किंवा दुकानात निघून जाणे नव्हे. वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी आल्बेर लामोरिस यांचा ‘द रेड बलून’ (१९५६) आहे. पॅरिसच्या गल्ल्यांतून एका मुलामागे एक लाल फुगा पाळीव प्राण्यासारखा फिरतो, एवढीच कथा. संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही. लांबी ३४ मिनिटे, म्हणजे एका सामायिकापेक्षा १४ मिनिटे कमी. टवाळ मुले दगड मारून तो फुगा फोडतात, तेव्हा तो चटकन फुटत नाही. हळूहळू आक्रसत, सुरकुतत खाली येतो. साध्या रबराच्या वस्तूसाठी सभागृहातील मुले कासावीस होतात. नंतर पॅरिसमधील सारे फुगे त्या मुलाकडे येतात, परंतु टवाळ मुलांना कोणी शिक्षा करीत नाही.

संस्थेच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी सूर्यास्तापूर्वी संपेल अशा बेताने एक चित्रपट दाखवावा, अशी सूचना विश्वस्त मंडळापुढे आहे. ती मान्य झाल्यास आरंभ ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ पासूनच करावा. त्याच्या अखेरीस अली शाळांच्या धावण्याच्या शर्यतीत उतरतो, कारण तिसऱ्या क्रमांकाला बक्षीस बुटांचा जोड आहे. त्याला तिसरेच यायचे असते. चुकून तो पहिला येतो. सगळे त्याला खांद्यावर घेतात आणि तो रडत असतो. घरी येऊन फोड आलेले पाय तो अंगणातील हौदात सोडून बसतो, आणि लाल मासे त्याच्या पावलांभोवती गोळा होतात. बहिणीने रिकामे हात पाहिले आहेत. ती काही न बोलता आत गेली आहे. तिकडे बाजारातून निघालेल्या वडिलांच्या सायकलला नव्या बुटांचे दोन जोड बांधलेले प्रेक्षकांनी पाहिले आहेत. अलीला ते माहीत नाही. वडील अजून वाटेतच आहेत.