घरातली उतरंड



मला सांगितलं, 'ताई, महिलांच्या प्रश्नावर दोन शब्द बोला.' बोलते. पण आधी मागच्या खोलीत कप विसळणाऱ्या त्या दोन पोरींना बाहेर बोलवा. आल्या? बसा गं पुढं.

जन्मावरून काम ठरवायचं, याला आपण जात म्हणतो. बापाच्या हातात खराटा होता म्हणून पोराच्याही हातात खराटा दिला, तेव्हा आपण पेटून उठलो. मग पोरगी जन्मली की तिच्या हातात लाटणं कोण देतं? मनू येतो का द्यायला? आपणच देतो.

माझंच सांगते. दहावीनंतर मला आयटीआयला वायरमनचा ट्रेड पाहिजे होता. खिडकीवरचा साहेब म्हणाला, पोरींनी शिवणकाम घ्यावं. तणतणत घरी आले. बा चळवळीतला, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. तो म्हणाला, 'बरोबर बोलला साहेब. खांबावर चढणारी पोर कोण करून घेईल?'

शिवणकाम शिकले. आज कारखान्यात आहे. मशीनवर आम्ही बाया, धागे कापायला बाया, कटिंग मास्तर मात्र बाप्या. पगार त्याचा जास्त. घरी आलं की दुसरी पाळी सुरू.

हे रडगाणं माझ्या एकटीचं नाही. सरकारची २०२४ ची पाहणी सांगते : घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. आणि हे हात लावणारे पुरुष. बाकीच्यांनी भांड्याला बोटही लावलेलं नाही.

बाबासाहेबांनी १९१६ सालीच न्यूयॉर्कमध्ये निबंध वाचून दाखवून दिलं, की बाईला जखडल्याशिवाय जात टिकत नाही. १९४२ साली नागपुरात दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आपल्या आज्या परिषद चालवत होत्या, आणि आपण जयंतीला नातींना काय देतो? रांगोळी आणि स्वागतगीत. वर्गणीचा हिशेब आणि माईक पोरांकडं.

माझी पोर यंदा दहावी झाली. तिलाही वायरमनच व्हायचंय. नवरा म्हणतो, शिवणक्लासला घाल. परवा फॉर्म भरायचाय. घरात भांडण पेटलंय, पेटू दे. यावेळी मी खिडकीवर तिच्याबरोबर उभी राहणार.

तुम्ही कुठं उभे राहणार? पुढच्या बैठकीत कप पोरांनी विसळायचे आणि माईक या दोघींनी घ्यायचा. एवढं जमत नसेल, तर भावांनो, जातिअंताची घोषणा जरा हळू द्या. मागच्या खोलीत ऐकू येते.

जयभीम!