मेसेजनं पट्टा रद्द होत नाही
(उंब्रज येथील बैठकीत केलेलं भाषण)

 

मी बारावी शिकलेला पोरगा, भाषणाची सवय नाही. आज दुसऱ्या कोणाची चूक सांगायला उभा नाही. माझीच सांगतो.

2019 सालची लोकसभेची निवडणूक होती. अकरावीची परीक्षा देऊन मी इथंच, कृष्णाकाठच्या वीटभट्टीवर आईबापाकडं आलो होतो. आमची वाडी घाटाखाली, रायगडात. सहा महिने आम्ही भट्टीवर. गावाकडची काय ती खबर फोनवरच. आणि मोठा फोन सगळ्या झोपड्यांत मिळून एकच, माझा.

एका रात्री मेसेज आला. "सुप्रीम कोर्टाचा आदेश. जंगलातल्या सगळ्या आदिवासींना उठवणार. जमीन वाचवायची तर अमक्यालाच मत द्या." खाली पोलिसांचा, जेसीबीचा फोटो. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि पंचवीस जणांना पुढं ढकलला. वाटलं, समाजाचं काम केलं.

शेजारच्या काकीच्या दळीचा दावा नुकताच दाखल झाला होता. तिनं रात्रभर डोळा लावला नाही. सकाळी मालकाकडून आणखी पाच हजार उचल घेतली आणि वाडीला गेली. जाऊन बघते तर जमीन जागेवर, नाचणीची धसकटं जागेवर. ना पोलीस, ना जेसीबी. ते पाच हजार फेडायला काकीला पुढच्या वर्षी परत त्याच भट्टीवर यावं लागलं. मेसेज बनवणाऱ्याचं काय गेलं? काही नाही.

आता नीट ऐका. तो मेसेज पूर्ण खोटा नव्हता. 13 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानं आदेश दिला होता, पण ज्यांचे दावे फेटाळले त्यांच्याबद्दल. सगळ्यांबद्दल नाही. देशभर आपली माणसं उठली आणि 28 फेब्रुवारीला कोर्टानंच त्या आदेशाला स्थगिती दिली. मेसेज आमच्याकडं आला एप्रिलात. स्थगितीचा एक शब्द त्यात नव्हता. अर्धं खरं सांगायचं, अर्धं गिळायचं. पूर्ण खोटं चटकन पकडता येतं, अर्धं खरं पकडता येत नाही.

हे एकाच पक्षाचं काम नाही. एप्रिल 2024 ला अमित शहांचा व्हिडिओ फिरला, की एससी, एसटी, ओबीसींचं आरक्षण काढून टाकू. मूळ भाषण तेलंगणातलं आणि मुसलमानांच्या आरक्षणाबद्दलचं होतं. कापून जोडलं. तेलंगणातल्या काँग्रेसच्या लोकांनीही तो पसरवला. त्यांचं धोरण आपल्याला पटो न पटो, न बोललेलं वाक्य त्यांच्या तोंडी घालणं खोटंच.

मग आपल्या विधानसभेला 20 नोव्हेंबर 2024 ला मतदान होतं. आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावानं आवाजाच्या क्लिपा आल्या. भाजपनं आपल्या खात्यावर टाकल्या. सुळेंनी आवाज माझा नाही म्हणून तक्रार केली. ज्यांनी क्लिपा तपासल्या त्यांना त्यातले आवाज कॉम्प्युटरवर बनवलेले असावेत असं दिसलं. पण वेळ बघा! प्रचार बंद, सकाळी मतदान. खुलासा वाडीवर पोचेपर्यंत बोटाला शाई लागलेली असते.

आणि निवडणूक नसतानाही ही आग पेटते. इथून लांब नाही, खटाव तालुक्यातलं पुसेसावळी. 10 सप्टेंबर 2023 ला सोशल मीडियावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला. एका तरुणाचा जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं.

म्हणून करायचं काय? फोन फेकायचा नाही. त्यावरच तर आपण सातबारा काढतो, मोर्चाची तारीख कळवतो.

पहिलं, जमिनीचा मेसेज आला की विचारा: कागद कुठाय? वनहक्क कायदा 2006 चा आहे. त्याच्या कलम 4(5) प्रमाणे दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही. दावा फेटाळला तर कारणासकट लेखी कळवावं लागतं, आणि 60 दिवसांत वर अपील करता येतं. व्हॉट्सअ‍ॅपनं पट्टा मिळत नाही, तसा जातही नाही.

दुसरं, मेसेजवर दोन बाण दिसले तर तो किमान पाच हातांतून पुढं ढकलत आलाय. पाठवणाऱ्या भाच्याला विचारा, तुला कोणी दिला? तो म्हणेल, मला पण आलाच होता. मग तिथंच थांबवा.

तिसरं, "आज रात्रीतच पाठवा" असं लिहिलं असेल तर मुद्दाम सकाळपर्यंत थांबा. घाई त्याला आहे, आपल्याला नाही.

चौथं, खोट्या प्रचाराची तक्रार 1950 नंबरवर करा. मेसेज पुसू नका, तो पुरावा आहे.

आणि शेवटचं आम्हा पोरांसाठी. वाडीत, भट्टीवर आपण वाचतो ते बाकीचे ऐकतात. म्हातारी माणसं मोबाईलवर विश्वास ठेवत नाहीत, आपल्यावर ठेवतात. ग्रामसभेत ठराव करताना आपण हात वर झालेले मोजतो. तसंच वाचायच्या आधी तपासू.

मी काकीची माफी मागितली. ती म्हणाली, "बाळा, तू वाचलंस म्हणून मी मानलं." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

जोहार. जिंदाबाद!