उसन्या सुरांपलीकडे

पाश्चात्त्य रॉक संगीताची गोडी मुंबईच्या तरुणांना पूर्वीच लागली होती. परंतु परकी गाणी हुबेहूब वठविणे हीच कौशल्याची परिसीमा समजली जाई. १९८४ साली तेथे स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ या वाद्यवृंदाचा आरंभही तसाच झाला. १९८८ मध्ये निघालेल्या ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ या पहिल्या ध्वनिसंग्रहात मात्र उदय बेनेगल, महेश टिनईकर आणि त्यांच्या साथीदारांनी स्वतःची गाणी श्रोत्यांपुढे ठेवली. भाषा इंग्रजीच, परक्या गुरूंची छायाही स्पष्ट. तरीही अनुकरणाच्या सुरक्षित ओसरीवरून अंगणात उतरण्याचे धाडस त्यांत होते. १९९३ साली वृंदाने सिंधूचे स्मरण देणारे ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. पहिल्या कृतीची पारख निर्दोषतेवरून नव्हे, तर तिने उघडलेल्या वाटेवरूनच करावयाची असते.