मिठाई उद्योगसंघातील समित्यांची रचना

अमेरिकेतील ६९ मिठाई-उत्पादक कंपन्यांच्या प्रतिनिधींनी १८८४ मध्ये शिकागो येथे ‘नॅशनल कन्फेक्शनर्स असोसिएशन’ हा उद्योगसंघ, म्हणजे एकाच व्यवसायातील स्पर्धकांची सामायिक हितासाठीची संस्था, स्थापन केला, तेव्हा गोळ्या-चॉकलेटांतील घातक भेसळ रोखणे हा त्याचा एक मुख्य हेतू होता. अशा संघात सामान्यतः धोरण नियामक मंडळ ठरवते, तर अन्नसुरक्षा, कायदे, प्रदर्शने यांसारख्या विषयांवर सभासद-कंपन्यांतील जाणकारांच्या स्थायी, म्हणजे कायमस्वरूपी, समित्या शिफारशी करतात. एखाद्या प्रश्नापुरती नेमलेली तदर्थ समिती मात्र काम संपताच विसर्जित होते. स्पर्धकांनी संगनमताने किमती ठरवणे १८९० च्या शर्मन कायद्यानुसार गुन्हा असल्याने विषयपत्रिका आधी निश्चित करणे आणि इतिवृत्त, म्हणजे बैठकीची अधिकृत नोंद, ठेवणे या समित्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.