विद्वत्तेची मोजदाद
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



गतवर्षी मंडळाच्या संशोधन-शिष्यवृत्तीसाठी आमच्या समितीपुढे दोन अर्ज आले. एक रसायनशास्त्राच्या तरुणाचा, दुसरा नगरजीवनाचा अभ्यास करणाऱ्या एका भगिनीचा. तरुणाच्या लेखांचे इतर विद्वानांनी केलेले उल्लेख भगिनीच्या दसपट भरले, आणि आम्ही पाव तासात निर्णय करून मोकळे झालो. माझे मतही त्याच पारड्यात पडले. त्या भगिनीचे लेखन मी वाचले ते निकालानंतर, हे आज आपणांसमक्ष कबूल करणे मला प्राप्त आहे.

ही उल्लेखांची मोजदाद आली कोठून? यूजीन गारफील्ड यांनी १९६४ साली विज्ञानातील संदर्भांची सूची प्रसिद्ध केली. कोणत्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला हे शोधता यावे, हा तिचा मूळ हेतू. पुढे शोधण्याचे साधन हेच तोलण्याचा काटा बनले. २००५ साली हिर्श नामक पदार्थविज्ञानवेत्त्याने एक अंक सुचविला: ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख लाभले, त्याचा अंक दहा. युक्ती सुटसुटीत खरी. परंतु ज्याने आयुष्यात पाचच ग्रंथ लिहिले त्याचा अंक पाचापलीकडे जाणे शक्य नाही, मग त्यांपैकी एकाला सहस्र उल्लेख का मिळेनात!

आता आपल्याच पुण्याचे उदाहरण घ्या. गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली तेथे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली व तिचा पहिला भाग १९४५ साली निघाला. याच संस्थेतील एन. व्ही. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची पाहणी ग्रंथबद्ध केली. १९५६ च्या पुण्याच्या फेरपाहणीतही त्यांचा हात होता. घरोघर जाऊन कुटुंबात माणसे किती, मिळकत किती, धंदा कोणता, हे विचारावयाचे आणि त्याची कोष्टके मांडावयाची. हे काम वर्षानुवर्षांचे, आणि त्यातून निघणारे ग्रंथ थोडे.

त्याच सोवनींचा १९६४ सालचा एक लेख जगभर गेला. आशियातील देशांत उद्योगधंद्यांच्या मानाने शहरे फाजील फुगली आहेत, असा सिद्धांत त्या काळी पाश्चात्य विद्वानांत मान्यता पावला होता. पश्चिमेच्या पूर्वेतिहासातील प्रमाण हाच सर्वांचा आदर्श कशावरून, असा सोवनींचा प्रश्न होता. अवघ्या दहा-एक पृष्ठांचा तो लेख. पण नगरीकरणावर लिहिणाऱ्यांना त्याची दखल घ्यावी लागली. तो इंग्रजीत होता व एका अमेरिकन नियतकालिकात छापला होता, हेही विसरता कामा नये. कोल्हापूरच्या पाहणीला तशी प्रसिद्धी लाभली नाही. म्हणून ती हलक्या प्रतीची म्हणावयाची काय? शहराच्या पोटात शिरून केलेल्या अशा पाहण्यांवाचून परक्या सिद्धांताला आव्हान देण्याचे बळ अंगी यावे कसे, असे मला वाटते.

शिवाय विषयाविषयांत भेद आहे. रसायनशास्त्रात चौघे-पाचजण मिळून लेख लिहितात, व त्याचे उल्लेख वर्ष-दोन वर्षांत होऊ लागतात. नगर-अभ्यासात पुष्कळदा एकट्याने ग्रंथ लिहावयाचा आणि दशकभर वाट पाहावयाची. आँरी लफेव्र यांचा नगर-अवकाशावरील फ्रेंच ग्रंथ १९७४ चा. इंग्रजी भाषांतर १९९१ साली झाले, आणि इंग्रजी जाणणाऱ्या जगात त्याचा खरा बोलबाला त्यानंतरच झाला. मधल्या सतरा वर्षांत ग्रंथ काही बदलला नव्हता. नगरपालिकेला सादर केलेले अहवाल आणि मराठी पुस्तके तर या मोठ्या सूच्यांत क्वचितच सापडतात. आमच्या अर्जदार भगिनीचे काम नेमके तेच होते: भाडेकरूंच्या बिऱ्हाडांची पाहणी, मराठीत लिहिलेली.

अंक मुळीच पाहू नयेत असे माझे म्हणणे नाही. एकाच विषयातील, एकाच वयाच्या दोघांची तुलना करताना त्यांचा थोडा उपयोग होतो. ओळखीपाळखीच्या वशिल्याला तेवढाच आळा! परंतु यंदापासून समितीच्या प्रत्येक सभासदाने प्रत्येक अर्जदाराचा निदान एक लेख वाचून त्यावर लेखी अभिप्राय द्यावा, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवली आहे. तिचा निर्णय पुढील बैठकीत व्हावयाचा आहे. त्या भगिनींना मी समक्ष भेटून पुन्हा अर्ज करण्याची विनंती केली. विचार करून कळविते, असे त्या म्हणाल्या. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही.