कुत्रं अंगावर आलं तर सायकल पळवू नका



मागच्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या आठवीतल्या एका मुलीनं शाळेला जायचं बंद केलं. आई म्हणायची, पोट दुखतंय. पंधरा दिवस पोट दुखतंय? गटाच्या बैठकीत खोदून विचारलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं. शाळेची वाट एका शेतवस्तीजवळून जाते. तिथं तीन कुत्री आहेत आणि सायकल दिसली की ती अंगावर धावून येतात. एकदा ती पोरगी सायकलसकट चारीत पडली होती. वडील म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काय बघतात ते आपल्या जिल्ह्यातल्या बायांना सांगायला नको.

मानव विकास कार्यक्रमातून मिळालेली सायकल ओसरीला टेकून उभी, आणि पोरगी घरात. आम्हाला ते बघवेना. आम्हीही बाहेर पडणाऱ्याच बाया आहोत. कुणी पहाटे डेअरीला दूध घालते, कुणी आशाताई म्हणून वाड्यावस्त्या फिरते, कुणी गटाच्या कामाला स्कूटीवर जाते. कुत्र्यांचा धसका सगळ्यांनाच होता, पण तोपर्यंत त्यावर कुणी बोललं नव्हतं. त्यात काय बोलायचं, असंच वाटायचं.

बोलायला लागलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पडून लागलेल्या जास्त होत्या, चावा बसलेल्या कमी. कुत्रं मागं लागलं की आपण जोरात पायडल मारतो. स्कूटीवर असलो तर पाय वर घेतो, नाहीतर लाथ झाडतो. तोल तिथंच जातो. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर विचारायलाच नको.

कुत्र्याचा स्वभावच असा की पळत्याच्या मागं लागायचं. आपल्या मराठवाड्यातलं कारवानी कुत्रं तर सशामागं धावणारं. त्याला फिरतं चाक दिसलं की राहवत नाही. वस्तीवरचं कुत्रं मात्र राखणीला असतं. आपण त्याच्या हद्दीतून जातो, ते भुंकतं, आपण पळतो. त्याला वाटतं, आपण हाकललं! दुसऱ्या दिवशी ते आणखी जोरात येतं.

म्हणून थांबायचं. ऐकायला उलटं वाटतं, आम्हालाही वाटलं होतं. वेग कमी करायचा, सायकलवरून उतरायचं, आणि कुत्रं ज्या बाजूला आहे त्या बाजूला सायकल धरायची, म्हणजे मधे आड होते. डोळ्यांत डोळे घालून बघायचं नाही, पाठही करायची नाही. जाड आवाजात एकदा "हाड!" म्हणायचं. किंचाळायचं नाही. मग सायकल हातात धरून हळूहळू चालत हद्द ओलांडायची. गावातली कुत्री आपण दगड उचलायला वाकलो तरी मागं सरतात. नुसतं वाकायचं, मारायचं नाही. मारलेलं कुत्रं डूख धरतं असं आमच्यातल्या जुन्या बाया सांगतात, आणि आमचाही अनुभव तसाच आहे. स्कूटी असेल तर वेग कमी करा, दोन्ही पाय फूटबोर्डवर ठेवा आणि हँडल सरळ धरा. कुत्रं जवळच आलं तर सावकाश थांबा.

पिल्लं असलेल्या कुत्रीजवळून मात्र जाऊच नका, लांबून वळसा घाला. दिवाळीच्या पुढं-मागं पिल्लं फार असतात. त्याच दिवसांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि धनगरांचे कळप फिरतात. त्यांची कुत्री आपल्याला ओळखत नाहीत. खाली पडलातच तर गुडघे पोटाशी घ्या आणि हातांनी मान-कान झाका.

त्या मुलीसाठी आम्ही चौघीजणी वस्तीवर गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो, खोटं कशाला सांगू. कायदाही विचारून घेतला होता. पाळलेलं जनावर नीट न सांभाळल्यामुळं माणसाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 मध्ये शिक्षा आहे. पण तिथल्या आजी म्हणाल्या, "कुत्री नसली तर रात्री आमची शेरडं कोण राखायचं, बाई?" तेही खरंच होतं. मग कायदा पिशवीतच राहिला. आजींनी शाळेच्या वेळेला दोन कुत्री बांधायचं कबूल केलं. पोरीनं लांबूनच घंटी वाजवायची, म्हणजे आजी तिसऱ्याला हाक मारणार. पहिले चार दिवस आमच्यातली एकजण तिच्यासोबत चालत गेली. आता ती एकटी जाते. तिसरं कुत्रं अजून भुंकतं, पण जागेवरून.

गावातल्या बेवारस कुत्र्यांचं काम वेगळं. 2023 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना होती तिथंच सोडायचं असतं, आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची असते. ग्रामसभेत हा विषय लेखी द्या. विष घालणं हा गुन्हा आहे. आणि कोंबडीच्या दुकानामागं पडणारी घाण तेवढी बंद करायला लावा. कुत्र्यांचा घोळका तिथंच जमतो.

आता चाव्याचं. आमच्यातल्या एकीला उसाच्या फडाजवळ पोटरीला कुत्रं चावलं. घरच्यांनी चटणी आणि चुना भरला, वर फडकं गच्च बांधलं, आणि मंतरलेलं पाणी आणायला माणूस धाडला. आम्ही पोचेपर्यंत दोन तास गेले होते.

चटणी, चुना, हळद, तेल, काहीही लावू नका. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ बघून 15 मिनिटं जखम धुवा. साधा अंगाचा साबण चालतो. दात लागून नुसतं खरचटलं असलं तरी धुवा. जखम उघडी ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. लस तिथं फुकट मिळते. पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत, दंडात देतात. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही लागतं. ते तिथं नसेल तर कुठं मिळेल ते विचारूनच बाहेर पडा. पोटुशी बाई असो की अंगावर पाजणारी, लस घ्यायचीच. कुत्रं पाळीव असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा, पण त्यासाठी लस लांबवू नका. पिसाळल्याची लक्षणं माणसात एकदा दिसली की औषध नाही. ती बहुतेकदा महिना ते तीन महिन्यांनी दिसतात, आणि तोवर आपण चावा विसरलेलोही असतो.

सरकारी दवाखान्यात साधारण चार खेपा असतात. पहिला दिवस शून्य धरतात, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. म्हणजे पहिली लस 1 तारखेला घेतली तर पुढच्या 4, 8 आणि 29 तारखेला. कार्डावर लिहून देतील त्याच तारखा पाळा. शेवटची खेपच बायका बुडवतात, कारण तोवर जखम भरलेली असते आणि रोजगार बुडतो.

आमच्या मैत्रिणीची शेवटची तारीख नेमकी सोयाबीनच्या काढणीत आली. ती नको-नको म्हणत होती. आम्ही तिला स्कूटीवर मागं बसवलं आणि निघालो. त्याच फडाच्या कडेनं एक कुत्रं भुंकत आलं. पुढं बसलेलीनं सवयीनं वेग वाढवला, तेव्हा मागून हिनंच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, हळू घे. थांब जरा."