अनोळखी फळझाडाची ओळख

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या आवारात किंवा घराच्या परसात कधी कधी एखादे झाड आपोआप उगवते. कोणीतरी फळ खाऊन टाकलेली बी तेथे रुजलेली असते. चार-पाच वर्षांत झाड वाढते, फुलते. परंतु फळ धरत नाही. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. अखेर वांझ झाड म्हणून त्यावर कुऱ्हाड चालते. वास्तविक दोष पुष्कळदा झाडाचा नसतो. त्याची ओळख पटवून घेतलेली नसते.

ओळख पटविण्याचा पहिला नियम असा, की अनोळखी फळ चाखून पाहू नये. बिट्टी आणि मोगली एरंड ही झाडे कुंपणाला सर्रास आढळतात. दोहोंच्या बिया विषारी असून त्या खाल्ल्याने मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. म्हणून आधी पान, चीक, फूल व बी यांचे निरीक्षण करावे.

सीताफळाच्या कुळाचेच उदाहरण घ्या. या झाडांची पाने फांदीवर एकाआड एक येतात, देठ तोडल्यास दुधासारखा चीक निघत नाही आणि पान चुरगळल्यास उग्र वास येतो. फुले खाली झुकलेली असून त्यांना तीन जाड, मांसल पाकळ्या असतात. सीताफळाची साल डोळ्याडोळ्यांची, रामफळाची जवळजवळ गुळगुळीत, तर लक्ष्मणफळावर मऊ काटे असतात. अँडीज पर्वताच्या खोऱ्यांतील चेरिमोया हे याच कुळातील समशीतोष्ण हवेचे फळ होय. हनुमानफळ हे नाव मात्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या फळांना दिले जाते. अशा वेळी शास्त्रीय नावाचाच आधार घ्यावा लागतो.

नाव कळले, की उपायही कळतो. या कुळातील फुलात स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पराग मागाहून सुटतात. त्यामुळे एकाच फुलात परागीभवन होणे कठीण असते. हे काम बारीक भुंगेरे करतात. ते नसले किंवा हवा फार कोरडी असली, तर फुले गळून पडतात. यावर हाताने परागीभवन करणे हा सोपा उपाय आहे. पूर्ण उकललेल्या फुलातील सुटे झालेले पराग मऊ कुंचल्याने वाटीत घ्यावेत आणि सकाळच्या वेळी अर्धवट उमललेल्या फुलाच्या मध्यभागी हलकेच लावावेत. वांझ ठरविलेले झाड अशा रीतीने फळास येऊ शकते.

लागवडीसाठी पाण्याचा चांगला निचरा होणारी जागा निवडावी. साधारणतः ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो शेणखत व माती यांनी भरावा. बियांपासून वाढविलेले सीताफळ तीन-चार वर्षांत फळास येते. परंतु मूळ झाडाचेच गुण हवे असतील, तर कलम बांधणे इष्ट. या फळांचा गर गोड असला तरी बिया विषारी असतात. उवांवर उपाय म्हणून त्यांची पूड केसांना लावण्याची प्रथा घातक आहे. ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते.

एवढे करूनही ओळख पटली नाही, तर पाने व फुले असलेली डहाळी वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवावी आणि कागद रोज बदलावा. सोबत गाव, तारीख, झाडाची उंची, फुलांचा रंग व स्थानिक नाव लिहावे. असा नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागास दाखवावा. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे, तसेच भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पुणे येथील केंद्र यांच्याकडेही या विषयाचे जाणकार आहेत. हे काम विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास वर्गातील वनस्पतिशास्त्र अंगणात येईल.

झाड वाढावयास वर्षे लागतात. ते तोडावयास एक दुपार पुरते. म्हणून ग्रामपंचायतीने एखादे झाड तोडण्याचा ठराव मांडण्यापूर्वी त्या झाडाचे नाव काय, एवढा प्रश्न अवश्य विचारावा.